दिवा का लुकलुकतो?

(घरगुती वीजवापर व सुरक्षितता या विषयावरील भाषणाचा मजकूर)



समईची ज्योत थरथरू लागली की घरातील जाणते माणूस वारा कोठून येतो ते पाही, तेलाची पातळी पाही आणि वातीवर धरलेली काजळी झाडून टाकी. ज्योत हलण्याला काही कारण असते आणि ते दूर केल्यावाचून ती स्थिर होत नाही, हे ज्ञान पिढ्यानुपिढ्या चालत आलेले होते. विजेचा दिवा घरात आला आणि ही चौकस वृत्ती काहीशी मंदावली. दिवा लुकलुकला, क्षणभर मंद झाला किंवा एकाएकी प्रखर झाला, तर ‘आज लाइटच तशी आहे’ एवढे बोलून घर आपल्या कामाला लागते. फार तर दिवा बदलला जातो. नवा दिवाही लुकलुकला, तर दोष दुकानदाराच्या माथी बसतो.

वस्तुतः विजेचा दिवाही कारणावाचून लुकलुकत नाही. त्यामागे कधी नुसता सैल बसलेला दिवा असतो, कधी भिंतीच्या आत तापत असलेला तारेचा सांधा असतो, तर कधी साऱ्या इमारतीतील उपकरणे जाळून टाकील असा तुटत आलेला न्यूट्रल असतो. यांतील काही कारणे निरुपद्रवी आहेत, काही जीवघेणी आहेत. आणि वरवर पाहता सर्वांचे लक्षण एकच आहे. मग सामान्य गृहस्थाने अथवा गृहिणीने त्यांतील भेद ओळखावा कसा?

त्यासाठी एक सोपी पद्धत आहे. लुकलुक कोठवर पसरली आहे, हे सर्वप्रथम पाहावे. एकच दिवा लुकलुकतो, एका खोलीतील दिवे लुकलुकतात, सबंध घर लुकलुकते, की सबंध आळी? या एका प्रश्नाच्या उत्तराने शोधाची दिशा ठरते, धोक्याचे मान कळते आणि दुरुस्ती कोणी करावयाची हेही बहुतांशी निश्चित होते. हा प्रश्न न विचारता केलेली दुरुस्ती म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार होय.

दाब आणि प्रकाश

घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असते. हा दाब दिवसभर अगदी एकसारखा राहत नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरगुती पुरवठ्यात घोषित दाबापेक्षा ६ टक्के कमी किंवा अधिक एवढाच फरक मान्य केला होता. २३० व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट अशी येते. घरातील दाब मोजला असता तो ठीक आहे की नाही, याचा अंदाज बांधण्यास हे आकडे आजही उपयोगी पडतात.

तंतूच्या जुन्या दिव्याचा प्रकाश दाबाहून कितीतरी वेगाने घटतो. दाब १० टक्क्यांनी उतरला, तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. मानवी डोळाही या बाबतीत मोठा तीक्ष्ण आहे. सेकंदाला आठ-नऊ वेळा होणारी लुकलुक त्याला सर्वांत अधिक खुपते. या वेगाने दाबात अवघा पाव टक्का चढउतार होत राहिला, तरी तंतूच्या दिव्याची थरथर त्याच्या लक्षात येऊ लागते. अशा रीतीने जुना पिवळा दिवा हा घरातील एक फुकटचा दाबमापकच होता.

एलईडी दिव्याचे तसे नाही. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे देशभर पोहोचले. या दिव्याच्या बुडाशी एक लहानसे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते. ते चांगल्या प्रतीचे असेल, तर दाब बराच खालीवर झाला तरी प्रकाश स्थिर ठेवते. विजेची बचत आणि स्थिर प्रकाश हे दोन्ही लाभ मोलाचे आहेत. परंतु पूर्वी दिवा मंदावून जी सूचना मिळत असे, ती आता बऱ्याच वेळा मिळत नाही. यास्तव एलईडी दिव्यांच्या घरात पंख्याचा वेग, फ्रिजचा आवाज आणि पंपाची घरघर यांकडेही लक्ष असावे. आणि अशा घरातील सर्वच दिवे एकदम लुकलुकू लागले, तर बिघाड किरकोळ नाही असे धरून चालावे.

एकच दिवा लुकलुकत असेल तर

घरात एकच दिवा लुकलुकत असेल, तर प्रथम बटण बंद करावे. शक्य तर मेन स्विचही बंद करावा आणि दिवा निवल्यावर तो काढून दुसऱ्या खोलीत लावावा. त्या खोलीतील चांगला दिवा या जागी लावावा. लुकलुक दिव्याबरोबर दुसऱ्या खोलीत गेली, तर दोष दिव्याचा आहे. ती जागच्या जागी राहिली, तर दोष होल्डरमध्ये, बटणात किंवा तेथपर्यंत येणाऱ्या तारेत आहे. एवढ्या एका अदलाबदलीने अर्धे निदान होते आणि त्याला पैसाही लागत नाही.

आपल्याकडील बहुतेक होल्डरांत स्प्रिंगवर बसवलेल्या दोन पिना असतात. त्या दिव्याच्या बुडावर दाबून बसतात. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडली किंवा पिनांवर काजळी चढली, की स्पर्श अपुरा होतो आणि दिवा थरथरतो. असा होल्डर खरवडून पुन्हा वापरण्यात शहाणपणा नाही, तो बदलावा. बटण दाबताना आत तडतड आवाज येत असेल, तर बटणही बदलावे.

ट्यूबलाइटची तऱ्हा वेगळी आहे. जुन्या धाटणीच्या ट्यूबला चोक आणि स्टार्टर लागतो. स्टार्टरचे काम ट्यूब पेटवण्यापुरतेच असते. ट्यूब पुन्हा पुन्हा पेटण्याचा प्रयत्न करून विझत असेल, तर दुसऱ्या चालू ट्यूबचा स्टार्टर लावून पाहावा. तरीही फरक पडला नाही आणि ट्यूबची टोके काळवंडलेली असतील, तर तिचे आयुष्य संपले आहे असे समजावे. ट्यूब आणि स्टार्टर दोन्ही ठीक असता लुकलुक चालूच राहिली, तर पिना सैल आहेत, चोक बिघडला आहे किंवा दाब फार कमी आहे, या तीन शक्यता उरतात. लुकलुकणारी ट्यूब रात्रभर तशीच चालू ठेवू नये. पेटण्याच्या सततच्या प्रयत्नात चोक तापत राहतो.

एलईडी दिवा काही महिन्यांतच लुकलुकू लागला, तर बहुधा त्याच्या बुडातील यंत्रातील कपॅसिटर उष्णतेने निकामी झालेला असतो. चारही बाजूंनी बंद असलेल्या काचेच्या हंडीत हा दिवा बसवला म्हणजे त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो लवकर दगावतो. पंख्यासाठी किंवा जुन्या दिव्यासाठी बसवलेल्या रेग्युलेटरवर एलईडी दिवा चालवला, तरीही तो थरथरतो.

कित्येक घरांत बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अंधुक तेवत राहतो किंवा मधूनच चमकतो. यात भुताटकी काही नाही. बटणातील लहान सूचकदिव्यातून किंवा शेजारून जाणाऱ्या तारांच्या प्रभावाने अत्यल्प प्रवाह दिव्यापर्यंत पोहोचतो. तो साठत साठत दिवा क्षणभर उजळतो. तथापि याच लक्षणाला एक गंभीर कारणही असू शकते. बटण फेजच्या तारेवर न बसवता चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवले गेले असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. दिवा बदलण्यासाठी हात घालणाऱ्याला झटका बसतो, तो यामुळेच. म्हणून बंद दिवा चमकताना दिसला, तर बटण कोणत्या तारेवर आहे हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे.

एका खोलीतील दिवे लुकलुकत असतील तर

एकाच खोलीतील दोन-तीन दिवे आणि पंखा एकदम मंदावतात, विशेषतः त्याच वायरिंगवर इस्त्री किंवा गीझर चालू केल्यावर; हे लक्षण सैल सांध्याचे आहे. घरगुती वायरिंगमध्ये सर्वांत अधिक दुर्लक्षित आणि सर्वांत अधिक घातक असा हा बिघाड होय. त्याचा हिशेब मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे.

२,००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेवरील एका सांध्यात स्क्रू सैल राहिल्यामुळे अर्ध्या ओहमचा विरोध निर्माण झाला, असे समजावे. तेवढ्याने दाब केवळ साडेचार व्होल्टने उतरेल. दिवा किंचित मंद होईल, न होईल. पण त्या सांध्यात त्याच वेळी सुमारे ४० वॅट उष्णता तयार होत राहील. रेडिओ दुरुस्त करणारा डाख देण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न वापरतो, ते साधारणपणे २५ वॅटचे असते आणि त्याच्या टोकाशी शिसे-कथिलाची तार पाण्यासारखी वितळते. त्याहून अधिक उष्णता भिंतीतील डबीत, प्लास्टिकच्या आवरणात किंवा जुन्या लाकडी पट्टीवर तासन्‌तास निर्माण होत राहिली, तर परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. तापल्याने सांधा आणखी सैल होतो, सैल झाल्याने आणखी तापतो, आणि शेवटी ठिणग्या उडू लागतात.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज आहे, एमसीबी आहे, तेव्हा आगीचे भय नाही, असे अनेकांना वाटते. परंतु फ्यूज आणि एमसीबी यांना प्रवाह वाढलेला कळतो. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही; उलट किंचित घटतोच. त्यामुळे सांधा लाल होईपर्यंत तापला, तरी एमसीबी खाली पडत नाही. गळतीचा प्रवाह ओळखणारे आरसीसीबी हे उपकरण मनुष्याचे प्राण वाचवण्यासाठी अत्यंत उपयुक्त आहे. घरगुती वापराचे आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडते. पण वीज बाहेर कोठे गळतच नसेल, तर सैल सांधा त्यालाही दिसत नाही. अशा प्रसंगी घरातील माणसांचे डोळे, नाक आणि कान हेच पहारेकरी. बटणाची पाटी हाताला कोमट लागणे, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडणे, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास येणे, पाटीमागे बारीक तडतड ऐकू येणे, यांपैकी एकही चिन्ह लुकलुकीच्या जोडीला असेल, तर त्या भागाचा पुरवठा तत्काळ बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो पुन्हा सुरू करू नये.

जुन्या घरांत या बिघाडाचे प्रमाण अधिक असण्याला कारण आहे. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबले असता हळूहळू पसरते आणि पकड ढिली होते. त्याच्या पृष्ठभागावर वीज न वाहणारा पापुद्रा धरतो. पुढे डागडुजी करताना त्या तारेला तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे दोन भिन्न धातूंचा सांधा दमट हवेत खात जातो. कोकणातील खारी, ओलसर हवा आणि पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंती या झिजेला हातभार लावतात. अशा घरात एकेक सांधा शोधत बसण्यापेक्षा सबंध वायरिंग टप्प्याटप्प्याने नव्याने करून घेणे अंती स्वस्त पडते.

सबंध घर लुकलुकत असेल तर

घरातील सारे दिवे एकदम मंदावत असतील, तर ते कोणत्या वेळी मंदावतात हे पाहावे. पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना दिवे क्षणभर मान टाकतात आणि लगेच सावरतात, हे पुष्कळ घरांतील नित्याचे दृश्य आहे. कोणतीही मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणापुरता तारेतील दाब उतरतो. ही झुकांडी अर्ध्या-एका सेकंदाची आणि बेताची असेल, तर काळजीचे कारण नाही. दिवे दोन-तीन सेकंद मंदच राहत असतील, किंवा पूर्वी होत नसलेली गोष्ट अलीकडे होऊ लागली असेल, तर मात्र मोटारीचा कपॅसिटर, बेअरिंग अथवा येणारी तार यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

खांबापासून दूर असलेल्या घरांत, मळ्यातील वस्तीवर, तारेच्या लांबीचाही विचार करावा लागतो. अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार ३० मीटर अंतरावर नेली, तर जाणे-येणे मिळून ६० मीटर तार होते. १० अँपिअर प्रवाहाला तिच्यात सुमारे ७ व्होल्ट दाब खर्ची पडतो. घर बांधले तेव्हा दोन दिवे आणि एक पंखा होता. पुढे फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पंप यांची भर पडली आणि तार मात्र तीच राहिली. अशा ठिकाणी दिव्यांत दोष नसतो. वाढलेल्या भाराची नोंद वीज कंपनीकडे करून योग्य जाडीची तार घेणे हाच त्यावर उपाय होय.

कोणतेही मोठे उपकरण सुरू नसताना सबंध घर लुकलुकत असेल, वारा सुटला की लुकलुक वाढत असेल, किंवा मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती सुरू झाली असेल, तर मेन स्विच, मीटर, कटआउट किंवा खांबावरील जोड यांपैकी कोठेतरी सांधा ढिला आहे. यांपैकी मेन स्विचपासून पुढील भाग घरमालकाचा. मीटर, कटआउट आणि त्यांच्या अलीकडील सर्व्हिस वायर यांचा बंदोबस्त वीज कंपनीने करावयाचा. मीटरचे व कटआउटचे सील तोडून आत हात घालणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तेथील वीज घरातील कोणत्याही बटणाने बंद होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

किटकॅट फ्यूज असलेल्या घरांत आणखी एक जुनी खोड आढळते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तांब्याची जाड तार घातली जाते. त्यायोगे फ्यूज जाणे थांबते. मात्र त्याऐवजी भिंतीतील तार तापू लागते. फ्यूज वारंवार जात असेल तर भार अधिक आहे किंवा कोठेतरी दोष आहे. योग्य जाडीचीच फ्यूज तार वापरावी आणि जुना किटकॅट काढून एमसीबी बसवून घ्यावा.

एक दिवा मंद, दुसरा प्रखर

आता सर्वांत महत्त्वाचे लक्षण. काही दिवे मंद झाले आहेत आणि त्याच वेळी दुसरे काही दिवे नेहमीपेक्षा अधिक प्रखर झाले आहेत. किंवा एका बिऱ्हाडात दिवे मिणमिणत आहेत आणि वरच्या मजल्यावर ते डोळे दिपवीत आहेत. असे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता मेन स्विच बंद करावा. बहुधा तीन फेजच्या पुरवठ्यातील सामाईक न्यूट्रल सैल झालेला अथवा तुटलेला असतो.

चाळीत, इमारतीत किंवा गावात घराघरांना निरनिराळ्या फेजवरून वीज मिळते. परतीची वाट असलेला न्यूट्रल मात्र सामाईक असतो. दोन फेजमधील दाब ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येक घराला २३० व्होल्टच मिळतात. न्यूट्रल तुटला, की दोन फेजवरची दोन घरे एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात भारानुसार वाटले जातात. एका घरात १,००० वॅटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्या घरात १०० वॅटचा एकच दिवा, अशी कल्पना केली, तर त्या दिव्याच्या वाट्याला ३६० व्होल्टच्या घरात दाब येतो आणि इस्त्रीच्या वाट्याला ४० व्होल्टही येत नाहीत. ज्याच्या घरी वीज कमी वापरली जात आहे, त्याच्याच टीव्हीचे, फ्रिजचे, दिव्यांचे नुकसान होते. म्हणूनच एका कुटुंबाने हे लक्षण ओळखले, तर त्याने आपला मेन स्विच बंद करून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तत्काळ हाक द्यावी. इमारतीत मुख्य फलकावरील पुरवठा बंद करणे अधिक श्रेयस्कर.

न्यूट्रल गेल्याची आणखी एक खूण वायरमन सांगतात. घरात एखादे उपकरण चालू अवस्थेत जोडलेले असता, सॉकेटच्या फेज व न्यूट्रल या दोन्ही छिद्रांत टेस्टर लागतो. ही खूण दिसली की काही ठिकाणी एक भलताच उपाय केला जातो: न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार जोडून दिवे चालवले जातात. हा उपाय म्हणजे प्राणांशी खेळ होय. अर्थिंग चांगले नसेल, तर त्या तारेला जोडलेल्या फ्रिजच्या, पंपाच्या, कपडे धुण्याच्या यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरते. ओल्या हाताने नळाला किंवा पंपाला स्पर्श करणाऱ्या घरातील स्त्रीला आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते. अर्थिंग हा आपत्काळातील रक्षक आहे. त्याच्याकडून रोजची मजुरी करून घेऊ नये.

सबंध आळी लुकलुकत असेल तर

पिठाची गिरणी सुरू झाली की गावातील दिवे दबतात, हा अनुभव खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. वेल्डिंगचे दुकान जवळ असेल, तर ठिणगीच्या तालावर दिवे नाचतात. रब्बीच्या हंगामात पंप एकदम सुरू झाले, की रोहित्रापासून शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत दाब उतरतो. वाऱ्याबरोबर तारांना झाडाच्या फांद्या लागल्या किंवा खांबावरील जोड ढिला झाला, तरी सबंध ओळ लुकलुकते. ही सर्व कामे वीज कंपनीची आहेत. खांबावर चढणे, डीपीची पेटी उघडणे, बांबूने तारा झटकणे, असले धाडस गावातील कोणीही करू नये. दरवर्षी पावसाळ्यात अशा धाडसापायी जीव जातात.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० साली झाली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन राज्याच्या बहुतांश भागातील वितरणाचे काम महावितरणकडे आले. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी वीज पुरवतात. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तक्रार नोंदवताना ग्राहक क्रमांक, लुकलुकीची वेळ, ती किती घरांत दिसते आणि जवळच्या खांबाची खूण सांगावी. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि लिहून ठेवावा. वारंवार सांगूनही दाद लागली नाही, तर २००३ च्या विद्युत अधिनियमाने ग्राहकाला पुढची वाटही दिली आहे. प्रथम गाऱ्हाणी ऐकणारा ग्राहक मंच, आणि तेथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल, अशी ही व्यवस्था आहे. पाच-दहा घरांनी एकत्र येऊन तारीखवार नोंदीसह लेखी तक्रार केली, तर तिचे वजन निश्चितच अधिक पडते.

कोणी काय करावे

दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू आहे त्याच क्षमतेच्या बदलणे, एवढ्या कामाला १९५६ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली होती. त्यापलीकडील वायरिंगचे काम शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हे तत्त्व केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० व २०२३ साली केलेल्या विनियमांतही कायम आहे. जे काम घरी करावयाचे तेही मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून आणि लाकडी स्टुलावर उभे राहून करावे. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर वीज नसल्याची खोटी ग्वाही देतो.

वायरमन घरी आला म्हणजे ‘लाइट लुकलुकते’ एवढेच सांगून भागत नाही. तो असतानाच लुकलुक थांबते आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू होते, असा अनुभव पुष्कळांना येतो. म्हणून दिनदर्शिकेच्या कोऱ्या जागेत चार दिवस नोंद ठेवावी: वेळ कोणती, कोणकोणते दिवे लुकलुकले, त्या वेळी काय चालू होते, पाऊस-वारा होता काय, शेजारी तसेच झाले काय. ही नोंद वाचून जाणता कारागीर फलकासमोर उभा राहण्यापूर्वीच निम्मा शोध संपवतो. त्याच्याकडून काम करून घेताना सर्व सांधे डबीतच आणि योग्य कनेक्टरने घेतले आहेत, बटणे फेजवर आहेत, न्यूट्रलची तार काळी आणि अर्थिंगची हिरवी आहे आणि वापरलेल्या मालावर आयएसआय चिन्ह आहे, एवढ्या गोष्टी घरमालकाने स्वतः पाहाव्यात. गणेशोत्सव आणि दिवाळीत रोषणाईचा भार वाढतो. त्यापूर्वी फलकातील व सॉकेटमधील स्क्रू एकवार आवळून घेण्याचा परिपाठ ठेवावा.

घराच्या वायरिंगवर होणारा खर्च डोळ्यांना दिसत नाही. रंग दिसतो, फरशी दिसते, नवी उपकरणे दिसतात. भिंतीतील तार दिसत नाही, म्हणून तिची पाळी शेवटी येते. ती तार आपली अडचण दिव्याच्या लुकलुकीतून कळवीत असते. एक दिवा की एक खोली, एक घर की सबंध आळी, हा प्रश्न घरातील शाळकरी मुलालाही विचारता येतो आणि त्याचे उत्तरही शोधता येते. तो प्रश्न वेळेवर विचारणे, धोक्याचे लक्षण दिसताच मेन स्विच बंद करणे आणि योग्य माणसाला बोलावणे, एवढी तीन कामे प्रत्येक कुटुंबाने अंगवळणी पाडली, तर कित्येक घरे आगीपासून आणि कित्येक माणसे विजेच्या धक्क्यापासून वाचतील.